साडेआठ, स्थानिक वेळ

"फोड की ते पाकीट, आयनार. का उबवायला घेतलंयस?"

पोस्टमास्तर क्लिफर्ड रस्टाडने हेच वेगवेगळ्या शब्दांत तिसऱ्यांदा विचारलं होतं. आयनार ब्रेकेने तिसऱ्यांदाही उत्तर दिलं नाही. जाड तपकिरी पाकीट त्याने दोन्ही हातांत धरलं होतं. वॉशिंग्टनहून आलेलं, लाखेने बंद केलेलं, आणि वर ठळक छापलेली सूचना: सील उमेदवारांसमोर, ठरल्या वेळीच तोडावे, सील तोडल्यानंतर कोणासही आत घेऊ नये.

निसेटच्या पोस्टाची ही मागची खोली. एरवी इथं टपाल वेगळं होत असे. आज शनिवार, सत्तावीस मे एकोणीसशे एकसष्ट, म्हणून टपालाचं लांब टेबल पुसून त्याला तीन खुर्च्या लावल्या होत्या. दोन भरल्या होत्या. तिसरीसमोर टोक केलेल्या दोन पेन्सिली होत्या आणि नावाचं कार्ड होतं. मार्डेल ऑस्ट्रेम, टपालमार्ग तीन, पेटी एक्केचाळीस.

पुढच्या हॉलमधल्या घड्याळात आठ वाजून बावीस मिनिटं झाली होती.

परीक्षा पीस कोअरची होती. मार्चमध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढला आणि अमेरिकेने परदेशी धाडण्यासाठी एक नवी पलटण उभी करायला घेतली. तिच्या हाती बंदुका नसणार होत्या. खडू, पाने-पकडी आणि इंजेक्शनच्या सुया असणार होत्या. दोन वर्षं कुठल्यातरी अनोळखी देशात राहायचं, तिथल्या लोकांसारखं खायचं आणि त्यांच्याबरोबर राबायचं. निसेटच्या न्हाव्याच्या दुकानात या योजनेला 'पोरासोरांची पलटण' म्हणत. कोणी जाणार नाही, असं तिथं एकमताने ठरलंही होतं. आणि तरी आज देशभर, एकाच दिवशी, शेकडो पोस्टांच्या आणि कचेऱ्यांच्या मागच्या खोल्यांत लोक पेन्सिली घेऊन बसणार होते. निसेटमध्ये तिघे.

आयनार अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्यातली तेहेतीस वर्षं त्याने पोस्टाच्या खिडकीत काढली होती आणि सव्वीस वर्षं तो स्थानिक परीक्षा मंडळाचा सचिव होता. मंडळ म्हणजे तो, एक कपाट आणि नियमांचं निळं पुस्तक. पोस्टमन, वनरक्षक, धान्य-तपासनीस, सगळ्यांच्या सरकारी परीक्षा त्यानेच घेतल्या होत्या. तो स्वतः आयोवा राज्याच्या बाहेर दोनदा गेला होता, दोन्ही वेळा अंत्ययात्रेला.

"ती यायची नाही," क्लिफर्ड म्हणाला. "पोरीची जात. अर्ज मार्चात भरला, मे उजाडेपर्यंत डोकं ठिकाणावर आलं. सोमवारपर्यंत सुट्टी आहे, माझी बोट गाडीला जोडून उभी आहे. तू सुरू केलंस की मी सही करतो आणि सुटतो."

"आठ मिनिटं आहेत अजून."

"मग फोन कर तिला. मनाचं समाधान."

आयनारने पाकीट टेबलावर ठेवलं आणि भिंतीवरच्या फोनचा कानाला लावायचा भाग उचलला. गावाच्या टेलिफोन केंद्रात जेराल्डीन बसत असे. तिला नंबर सांगावा लागत नसे, नाव सांगितलं तरी पुरे, आणि काही वेळा तेही लागत नसे.

"ऑस्ट्रेमकडे लाव, जेराल्डीन. ओढ्यापलीकडचे."

घंटा वाजत राहिली. दहा, बारा, पंधरा वेळा.

"कोणी उचलत नाही रे," जेराल्डीन म्हणाली. "आणि उचलणार कोण? आत्ता सगळे गोठ्यात असतील. तीस गाई आहेत त्यांच्याकडं, धारा चालल्या असतील."

"साडेआठ वाजता?"

"साडेआठ आपल्याकडं, आयनार. त्यांच्याकडं साडेसात."

आयनारने फोन ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही.

निसेटच्या नगर परिषदेने गेल्या सोमवारच्या आधीच्या सोमवारी, चार विरुद्ध तीन मतांनी, उन्हाळ्यापुरती घड्याळं तासभर पुढे करायचं ठरवलं होतं. दुकानदारांना संध्याकाळी उजेड हवा होता. रविवारपासून गाव नव्या वेळेवर गेलं. ऑटर ओढ्यापलीकडची काउंटी मात्र शेतकऱ्यांची. गाईला घड्याळ कळत नाही, असं म्हणून त्यांनी नवी वेळ साफ झिडकारली. त्यामुळे ओढ्यावरचा चाळीस फुटांचा लाकडी पूल ओलांडायला आता एक तास लागतो, असा विनोद आठवडाभर गावात चालला होता. गेल्या रविवारी एक कुटुंब चर्चमध्ये पोचलं तेव्हा लोक बाहेर पडत होते. पाद्र्याने त्यांना प्रवचनाचा सारांश पायरीवरच ऐकवला.

परीक्षेची जाहिरात आयनारने दोन मे रोजी लावली होती. 'सकाळी साडेआठ'. तेव्हा सगळीकडे एकच साडेआठ होते. परिषदेचा निर्णय झाल्यावर त्याने पुढच्या हॉलचं घड्याळ स्वतःच्या हाताने तासभर पुढे केलं होतं. त्याच हॉलच्या भिंतीवर, घड्याळाखाली दोन फुटांवर, ती जाहिरात होती. स्टुलावरून उतरताना त्याने ती वाचलीही होती. तिच्यात एक शब्द घालायला हवा हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

सव्वीस वर्षांत त्याची ही पहिली चूक होती. निदान पहिली, जी त्याला चूक म्हणून मान्य होती.

"जाहिरातीत कुठली वेळ ते लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे. ती मुलगी जुन्या वेळेनं येणार. अजून तासाभरानं."

"येणार असली तर," क्लिफर्ड म्हणाला. मग त्याने मान तिरकी केली. आयनारचा विचार कुठे चाललाय हे त्याला उमगलं आणि त्याला भलताच आनंद झाला. "थांब थांब. तू तासभर थांबायचं म्हणतोयस? तू? चार मिनिटांसाठी सख्ख्या मेव्हण्याच्या तोंडावर दार लावणारा आयनार ब्रेके?"

ही गोष्ट निसेटमध्ये सगळ्यांना ठाऊक होती आणि आयनारसमोर कोणी काढत नसे.

अडतीस साली पोस्टमनच्या एका जागेसाठी परीक्षा होती. ते दिवस असे होते की या एका जागेवर दोन पिढ्या जगल्या असत्या. लॉइड, आयनारच्या बायकोचा धाकटा भाऊ, शेतावरून निघाला आणि वाटेत गाडीचं चाक बसलं. शेवटचा मैलभर तो धावत आला. आयनारने काचेच्या दारातून त्याला रस्त्याच्या टोकाला पाहिलं होतं, एका हातात टोपी धरून धावणारा. घड्याळात ठोका पडला. आयनारने कडी घातली आणि आत जाऊन सील तोडलं. नियमाप्रमाणे त्याचं काही चुकलं नव्हतं. लॉइडने दार ठोठावलं नाही. थोडा वेळ पायरीवर बसला आणि गेला. त्याच पानगळीत त्याने कॅलिफोर्नियाची वाट धरली, ती कायमची.

लव्हर्न, आयनारची बायको, त्याला यावरून एक शब्द बोलली नव्हती. तिने फक्त त्या दिवसापासून पोस्टात पाऊल ठेवलं नव्हतं. तिकिटं हवी असली की ती त्याला घरी सांगे. पार्सल असलं तर शेजारणीकडे देई. तेवीस वर्षं.

पुढच्या घड्याळाचा काटा साडेआठवर सरकला. तो सरकताना बारीक टक असा आवाज करत असे. आयनारने तो ऐकला. त्याने पाकीट उचलून बगलेत मारलं, निळं पुस्तक उघडलं आणि बोट फिरवत एका ओळीवर थांबला.

"'परीक्षा स्थानिक वेळेनुसार सुरू करावी,'" त्याने वाचलं. "'स्थानिक वेळ म्हणजे परीक्षेच्या जागी पाळली जाणारी वेळ.'"

"मग? पाळतोच आहोत. साडेआठ झाले."

"परीक्षेची जागा ही खोली आहे, क्लिफर्ड. पुढचा हॉल नाही."

त्याने भिंतीकडे बोट केलं. मागच्या खोलीचं घड्याळ टपालाच्या थैल्यांसाठी होतं. ते रेल्वेच्या वेळेवर चाले, आणि रेल्वेने निसेटच्या नगर परिषदेला विचारून आपली वेळ कधीच ठरवली नव्हती. त्यात साडेसात वाजले होते.

क्लिफर्डने घड्याळाकडे पाहिलं, आयनारकडे पाहिलं. "हे तू आत्ता शोधून काढलंस?"

"पुस्तकात एकोणतीस सालापासून आहे."

आयनार उमेदवारांकडे वळला. "पण तुमची हरकत असली तर तुमची बाजूही बरोबर आहे. तुम्ही पुढच्या घड्याळाने वेळेवर आलात. तुम्ही सांगाल ते."

मिस ऑर्फा लिंडक्विस्ट सहासष्ट वर्षांच्या होत्या. एकेचाळीस वर्षं त्यांनी गावाला लॅटिन आणि व्याकरण शिकवलं होतं. वयाची वरची अट नाही, याची त्यांनी वॉशिंग्टनला दोन पत्रं पाठवून खात्री करून घेतली होती. त्या पर्समधून विणकाम काढत म्हणाल्या, "एकेचाळीस वर्षं मी उशिरा येणाऱ्या मुलांना दाराबाहेर उभं केलं, आयनार. त्यातून ती वेळेवर यायला लागली असं मला काही दिसलं नाही. थांबू या."

"मिस लिंडक्विस्ट, एकदा विचार करा बरं," क्लिफर्ड म्हणाला. "तिकडं हाताएवढे डास असतात. या वयात निभायचं का तुम्हाला?"

"तुला दोन वर्षं निभावलं मी, क्लिफर्ड. एकाच इयत्तेत."

दुसरा उमेदवार वेंडेल कुचेरा खो खो हसला. वेंडेल सत्तावीसचा होता आणि विहिरींवरचे पंप दुरुस्त करत असे. हाताच्या रेषांत काळं वंगण कायमचं बसलेलं. "माझी हरकत एका अटीवर नाही," तो म्हणाला. "तो नळ टपटपतोय ना, तो मला दुरुस्त करू द्या. दहा मिनिटं ऐकतोय, डोकं उठलंय. परीक्षेत मी उत्तराऐवजी थेंब मोजत बसेन."

"पाना आहे का?"

"मी पान्याशिवाय चर्चमध्येही जात नाही, मिस्टर ब्रेके."

असं ठरलं. वेंडेल मोरीच्या कट्ट्याखाली आडवा झाला. मिस लिंडक्विस्ट विणू लागल्या. क्लिफर्ड बाहेर जाऊन बोटीची दोरी बघून आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. आयनार पाकीट बगलेत धरून उभा होता. बसला असता तर ते टेबलावर ठेवावं लागलं असतं आणि तसं करायची त्याची तयारी नव्हती.

"तू कशाला जातोयस रे, वेंडेल?" मिस लिंडक्विस्टनी खाली वाकून विचारलं.

कट्ट्याखालून आवाज आला, "तिकडं पाणी नाही म्हणतात. माझा नाही विश्वास. पाणी असतंच जमिनीत. काढणारा लागतो."

"आणि तिथली भाषा?"

"पंपाशी बोलायला लागतं ते मला सगळं येतं. माणसांचं तुम्ही शिकवा."

थेंब थांबले. वेंडेल बाहेर आला, आणि त्याच क्षणी पुढच्या हॉलचं दार उघडल्याची घंटी वाजली. सगळ्यांनी एकदम माना वळवल्या.

मार्डेल नव्हती. लव्हर्न ब्रेके होती. एका हातात कॉफीची मोठी किटली, दुसऱ्यात फडक्याने झाकलेलं ताट. ती हॉलच्या मध्यावर थांबली, तिकिटाच्या खिडकीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. रंग बदलला होता; तिच्या वेळी हिरवा होता.

आयनार मागच्या खोलीच्या दारात आला.

"जेराल्डीनचा फोन आला," लव्हर्न म्हणाली. "म्हणाली, आयनार ब्रेके कोणाची तरी वाट बघतोय. मला खरं वाटेना. म्हटलं, जाऊन बघून येऊ."

"एक मुलगी आहे. ओढ्यापलीकडची."

"कळलं सगळं. गावाला कळलंय." तिने किटली त्याच्या हातात दिली. ती धरण्यासाठी त्याला पाकीट दुसऱ्या बगलेत घ्यावं लागलं. "सरक. दालचिनीचे पाव आणलेत. गरम आहेत तोवर खाऊन घ्या."

त्यानंतरचा अर्धा तास पोस्टाच्या मागच्या खोलीत जे चाललं होतं त्याला परीक्षा कोणी म्हटलं नसतं. पाव मऊ होते, वर साखरेचा पाक ओघळलेला. तिकिटं घ्यायला आलेली माणसं वासावर आत डोकावत आणि हातात कप घेऊन उभी राहत. एकाने विचारलं, लग्न कोणाचं? बँकेतल्या कारकुनाने पैज लावली की पोरगी येणार नाही. मिस लिंडक्विस्टनी त्याला सांगितलं, पैज लावणं पाप आहे, आणि ती येणार या बाजूने मी आहे. क्लिफर्डने तीन पाव खाल्ले आणि तळ्यातले मासे कुठे जाणार आहेत, उद्याही असतील, असं स्वतःहून म्हणाला.

आयनारने कॉफी घेतली नाही. तो दर थोड्या वेळाने मागच्या घड्याळाकडे बघे आणि मग काचेच्या दारातून रस्त्याच्या टोकाकडे. रस्ता रिकामा होता. आठ वाजले. आठ दहा. सव्वाआठ.

लव्हर्न त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघे एकाच दिशेला बघत होते.

"नाही आली तर?" आयनारने हळू विचारलं.

"तर नाही आली. तू थांबलास ना?"

आयनारने बगलेतलं पाकीट सरळ केलं.

"तो धावत होता तेव्हा तुला दिसला होता का रे?" लव्हर्नने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, घरात मीठ संपलंय का विचारावं तसा. "मी हे तुला कधी विचारलं नाही."

"दिसला होता."

लव्हर्नने मान हलवली. मग तिने ॲप्रनच्या टोकाने त्याच्या बाहीवर लागलेला साखरेचा पाक पुसला. "अंदाज होताच," ती म्हणाली. "तू सांगितलंस, बरं झालं."

मागच्या घड्याळात आठ तेवीस झाले असताना रस्त्याच्या टोकाला धूळ दिसली. धुळीतून एक जुनाट निळी गाडी निघाली, मागे दुधाचे उंच कॅन एकमेकांवर आपटत होते, आणि तो खणखणाट निम्म्या गावाला ऐकू गेला असावा. पोस्टासमोर ती थांबली. बावीसेक वर्षांची एक उंच मुलगी उतरली. पांढरं पोलकं, इस्त्रीचा घागरा आणि पायात गोठ्यातले रबरी बूट. तिने बूट काढून गाडीत टाकले, काळे जोडे चढवले, केसांवरून हात फिरवला आणि हसत हसत आत आली.

"नमस्कार! मी मार्डेल ऑस्ट्रेम. लवकर आले ना मी? पाच मिनिटं आहेत अजून."

हॉलमध्ये नऊ माणसं हातात कप घेऊन तिच्याकडे बघत होती. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मुलगी गोंधळली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ पंचवीस. तिच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला रंग निघून गेला.

"अरे देवा," ती म्हणाली. "तुमची वेळ. मी विसरलेच. मी शाळेची वेळ धरून... मी शिकवते ती शाळा पलीकडं आहे ना. होती. काल बंद झाली." ती दाराकडे मागे सरकली. "माफ करा हं. उगाच तुम्हाला..."

"मिस ऑस्ट्रेम," आयनार म्हणाला. खिडकीत उभं राहून नोंदणीच्या पत्राची पावती देताना तो ज्या आवाजात बोले त्याच आवाजात. "परीक्षा आतल्या खोलीत आहे. तिथलं घड्याळ बघा."

"त्या घड्याळाकडं बघू नकोस, पोरी," मिस लिंडक्विस्टनी तिचा दंड धरला. "ते नगर परिषदेचं आहे. चल आत. हात धू, नळ आत्ताच दुरुस्त झालाय."

मार्डेलने आतलं घड्याळ पाहिलं. आठ सव्वीस. तिने एक मोठा श्वास घेतला आणि तो सोडताना हसू की रडू हे तिला ठरवता आलं नाही, म्हणून दोन्ही थोडं थोडं झालं. वेंडेलने आपली खुर्ची सरकवून तिला वाट करून दिली आणि मग उगाचच आपला पाना खिशात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला.

"पण दूध!" मार्डेल एकदम उठली. "सहा कॅन आहेत गाडीत. परीक्षेच्या आधी डेअरीत टाकायचे होते, मग म्हटलं आधी नाव सांगून येऊ. उन्हात नासतील. बाबा..."

सगळ्यांनी क्लिफर्डकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय?" क्लिफर्ड म्हणाला. मग त्याने लव्हर्नकडे पाहिलं, मिस लिंडक्विस्टकडे पाहिलं, आणि शर्टाच्या बाह्या वर सारल्या. "किल्ली दे, पोरी."

"गाडीला किल्ली नाही. स्क्रू ड्रायव्हरनं सुरू होते. मला एकटीलाच जमतं ते."

मग कॅन हातोहात उचलून क्लिफर्डच्या बोटीत ठेवले गेले. निसेटच्या मुख्य रस्त्यावरून पोस्टमास्तरची गाडी डेअरीकडे गेली, मागे नवी कोरी बोट, बोटीत दुधाचे सहा कॅन आणि ते धरून बसलेला बँकेचा कारकून, कारण तो पैज हरला होता. न्हाव्याच्या दुकानातून सगळे बाहेर आले. पोरासोरांच्या पलटणीबद्दल त्या दिवशी तिथं नवीन काही ठरलं नाही.

मागच्या घड्याळाचा काटा साडेआठवर आला. आयनारने दार लावलं. कडी घातली नाही. त्याने पाकीट तिघांना दाखवलं, सील अखंड असल्याचं तिघांकडून वदवून घेतलं आणि चाकूने लाख फोडली.

परीक्षा जेवणाची सुट्टी धरून दुपारी तीनपर्यंत चालली. त्यात नकाशे होते, गणितं होती, परीक्षेपुरत्या रचलेल्या, कोणाच्याही नसलेल्या एका भाषेचे शब्द शिकून त्यांची वाक्यं करायची होती. आयनार टेबलाभोवती फिरत राहिला. वेंडेल पेन्सिल पान्यासारखी धरत होता. मिस लिंडक्विस्टनी प्रश्नपत्रिकेतल्या व्याकरणाची एक चूक खुणावून समासात दुरुस्त केली. मार्डेल मान वर न करता लिहीत होती. तिच्याकडून साबणाचा आणि थोडा दुधाचा वास येत होता. तिघांपैकी कोण कुठे जाईल, जाईल की नाही, आयनारला ठाऊक नव्हतं. ते ठरवणं त्याचं काम नव्हतं. दार त्याचं होतं.

तीन वाजता त्याने उत्तरपत्रिका मोजल्या, बंद केल्या आणि अहवालाचा कागद घेतला. हा तक्ता सव्वीस वर्षांत बदलला नव्हता. प्रारंभ: सकाळी साडेआठ, स्थानिक वेळ. उपस्थित: तीन. शेवटचा रकाना होता, उशिरा आल्यामुळे प्रवेश नाकारलेले उमेदवार, नाव व कारण. अडतीस सालच्या कागदावर या रकान्यात त्याच्याच वळणदार अक्षरात एक नाव होतं. कागद अजून कपाटात होता. आयनारने टाक बुडवला आणि लिहिलं: निरंक.

तो बाहेर आला तेव्हा लव्हर्न हॉलमधल्या उंच मेजापाशी उभी होती, साखळीला बांधलेल्या पोस्टाच्या पेनने लिहीत. किटली आणि रिकामं ताट पायाशी.

"लॉइडला लिहितेय," ती न बघता म्हणाली. "वर्षाला एक लिहिते, नाताळात. आज म्हटलं जास्तीचं एक." तिने कागद त्याच्याकडे सरकवला. "माझं झालं. खाली जागा आहे."

आयनारने पेन घेतलं. साखळी आखूड होती, त्याला वाकावं लागलं. गावातल्या हजारो लोकांनी या मेजावर वाकून लिहिलं होतं; खिडकीच्या आतून त्याला ते नेहमी दिसे, पण इतकं वाकावं लागतं हे त्याला माहीत नव्हतं. मग त्याने एक ओळ लिहिली आणि सही केली.

लव्हर्नने वाचली. आज सरकारी परीक्षेला एक मुलगी तासभर उशिरा आली. मी थांबलो.

"उशिरा कुठं?" ती म्हणाली. "वेळेआधी आली होती ती. तूच सिद्ध केलंस."

"ते वॉशिंग्टनसाठी," आयनार म्हणाला. "हे लॉइडसाठी."

लव्हर्नने कागदाची घडी घातली. तिकिटाचे पैसे तिने खिडकीवर ठेवले, आणि आयनारने आत जाऊन, खिडकी उघडून, तिला तिकीट दिलं.

टपालाची गाडी निसेटला थांबत नसे. रुळांशेजारी एक लोखंडी खांब होता, त्याला वर-खाली दोन हात. त्या हातांमध्ये थैली ताणून अडकवायची, आणि धावत्या गाडीतला कारकून आकडा बाहेर काढून ती उचलून नेई. तेहेतीस वर्षं आयनार हे काम एकट्याने करत आला होता. आज त्याच्यामागे वरात होती. लव्हर्न, मिस लिंडक्विस्ट, वेंडेल, मार्डेल, आणि दुधाच्या वासाची बोट घेऊन परतलेला क्लिफर्ड. आपली उत्तरं कशी जातात हे सगळ्यांना बघायचं होतं.

आयनारने थैली अडकवली आणि खाली उतरला. गाडी दिसली तेव्हा लांब होती, आणि लगेच अंगावर आली. वारा, धूळ, एक लोखंडी झटका. मार्डेल ओरडली. वेंडेलने टोपी हवेत उडवली आणि ती गाडीमागे शंभर फूट गेली. लव्हर्नने एका हाताने केस धरले होते, दुसरा आयनारच्या कोपरावर होता.

मग आवाज विरला. खांबाचे दोन्ही हात सुटून खाली पडले होते आणि अजून थोडे हलत होते.

आयनारने खिशातलं घड्याळ काढून बघितलं.

"वेळेवर," तो म्हणाला.

कुठल्या घड्याळाने, ते कोणी विचारलं नाही.